मधला ठिपका

इफ्फतनं पांढऱ्या कागदाच्या बरोबर मधोमध काळ्या पेनानं एक ठिपका काढला, कागद सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरला आणि म्हणाली, "ही माझी आई." वर्तुळात नक्षी भरायच्या मंडल-वर्गाला आलेल्या, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. मागं, जिन्याच्या दाराशी ठेवलेल्या शेगडीजवळ जरिना चहा गाळत होती. तिला आधी वाटलं, पोरगी आपली ओळख करून देतेय. म्हणून तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला आणि चेहऱ्यावर बेताचं हसू आणून ठेवलं, बायका वळून बघतील तेव्हा बरं दिसावं म्हणून. पण कुणी वळलं नाही. इफ्फत पुढं बोलत राहिली, शांत, एकेक शब्द नीट मांडत. "मी अकरा वर्षांची होते. ईदचा आदला दिवस होता. मी माझ्या हातांवर मेंदी काढली होती, माझी मी, आयुष्यात पहिल्यांदा. तळव्यात गोल आणि गोलाभोवती पाकळ्या. आज कळतं, ते माझं पहिलं मंडल होतं. माझ्या आईनं मला मोरीत ओढत नेलं आणि मासे घासायच्या दगडानं ती मेंदी घासून काढली. रक्त येईपर्यंत. एक शब्द न बोलता. त्याच दिवशी मला नातेवाइकांकडं पाठवून दिलं. तेव्हापासून माझ्या शरीरानं धरूनच ठेवलं होतं की मी काही सुंदर केलं की ते पुसलं जाणार." पुढच्या रांगेतल्या मोना नावाच्या पोरीनं ओढणीनं डोळे टिपले. जरिनाच्या हातातली गाळणी कपावरून सरकली होती आणि चहा ट्रेमध्ये पडत होता, ते तिला बोटं भाजल्यावर कळलं.

भाजलेली बोटं तिनं पदरात धरली आणि तशीच उभी राहिली. जायचं तरी कुठं? बारामतीत भिगवण रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वरचा हा हॉल, खाली उतरलं तरी रस्ता आणि रस्त्यावर रविवारची गर्दी. सकाळी ती भिगवणहून पहिल्या एसटीनं आली होती, हातात डबा घेऊन. डब्यात चिलापी मासळी तळलेली, लसूण-मिरचीचं वाटण लावून, इफ्फतला लहानपणी आवडायची तशी. दोन वर्षं पोरगी बारामतीत राहत होती, एसटीनं तासाभराच्या अंतरावर, आणि दोन वर्षांत तिनं आईला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. पुण्यात असताना तिच्या पोटातलं मूल राहिलं नाही, मग तिला बरं नव्हतं, मग ती बोलेना, जेवेना, जावई सांगायचा की आत्ता नका येऊ, डॉक्टर नको म्हणतात. आई नको म्हणणारे डॉक्टर असतात हे जरिनाला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मग कुणी तरी इफ्फतच्या हातात कंपास आणि पेनं दिली, ती दिवसच्या दिवस वर्तुळं काढत बसली आणि वर्तुळं काढता काढता बरी झाली. झाली, हे खरं. जरिनानं फोनवर तिचा आवाज ऐकला तेव्हा तिनं शुक्रान्याची नमाज पढली होती. परवा फोन आला, "अम्मी, रविवारी ये. तुझी मदत होईल." मदत म्हटल्यावर जरिनाला चहापाणी कळलं. आल्या आल्या इफ्फतनं डबा हातात घेतला, झाकण किंचित उचललं आणि म्हणाली की वर्गात वास नको, आज सगळं सात्त्विक असतं. आणि डबा जिन्यातल्या खिडकीत ठेवून दिला. एवढंच. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं जरिनानं ठरवलंसुद्धा होतं.

मेंदी तिची तिनं काढली होती म्हणे. आता ह्याला काय म्हणावं? मेंदी जरिनानं काढली होती. ती सगळी दुपार तिच्या डोळ्यांपुढं लख्ख उभी होती. रोजा होता, तोंडाला कोरड पडलेली, आणि मासळी बाजाराच्या मागच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ओल्या मेंदीचा वास भरलेला. तेव्हा कोन कुठले? भिजवलेली मेंदी आणि आगपेटीची काडी. पोरगी मांडी घालून समोर बसलेली, दोन्ही तळवे उघडे, आणि गुदगुल्या होतात म्हणून हसून हात मागं घेणारी. "हलू नगं गं, चांद वाकडा हुतोय," असं जरिना तिला तीनतीनदा म्हणाली होती. तळव्यात भरलेला गोल चांद, त्याच्याभोवती पाकळ्या. जरिनाच्या आईनं जरिनाच्या हातावर काढलेला तोच. स्वतःच्या हातावर काढायची मेंदी तिनं वाटीत राखून ठेवली होती, शिरखुर्म्याची तयारी झाली की काढू म्हणून. इफ्फतला ह्यातलं काही आठवत नव्हतं. आईचा हात आठवत होता तो फक्त घासणारा. आपण जन्मभर पोरांच्या अंगाखांद्यावर हात फिरवावा आणि शेवटी त्यांच्या लक्षात एकच दिवस राहावा, हा कुठला न्याय आहे? तिनं ट्रेमधला सांडलेला चहा फडक्यानं टिपला आणि कप भरायला घेतले, कारण मध्यंतर झालं होतं आणि बायका उठत होत्या.

चहा घेताना बायका तिच्याशी फार गोड बोलल्या. मोनाला बिनसाखरेचा हवा होता. राजलक्ष्मी म्हणून एक होती, कारखान्याच्या कुठल्याशा संचालकाची सून, अंगावर साधी सुती साडी पण कानात हिऱ्यांच्या कुड्या. तिनं कप घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज असता का मॅडमकडं?" जरिना म्हणाली, "न्हाय, आजच आले. मी तिची आई." राजलक्ष्मीच्या हातातला कप ओठांपाशी थांबला. तिनं जरिनाच्या हातांकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं, आणि जरिनाला ते हात कुठं ठेवावेत ते कळेना. मग राजलक्ष्मी खालच्या आवाजात म्हणाली, "इथं यायला फार धाडस लागतं हो, मावशी. आमच्या सासूबाई मेल्या पण कधी चूक कबूल केली नाही." आणि तिनं जरिनाचा दंड हलकेच दाबला. कबूल काय केलं होतं जरिनानं? तिनं फक्त मी आई आहे एवढंच सांगितलं होतं. पण हॉलभर बातमी पोचायला चहा संपायच्या आधीचाच वेळ पुरला, आणि आता बायका खरोखरच वळून बघायला लागल्या.

इफ्फत तिला खिडकीपाशी घेऊन गेली. तिथं तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले, कितीतरी वर्षांनी घेतले, आणि भाजलेल्या बोटांवर तिचा अंगठा पडला तरी जरिनानं हात मागं घेतला नाही. "अम्मी, पुढच्या सत्रात क्षमा-मंडल आहे. दोघींनी समोरासमोर बसून एकाच कागदावर करायचं. तू माझ्यासमोर बसशील?"

"मला कुठं येतंय त्यातलं."

"येण्याचा प्रश्नच नाही. तू नुसतं बसायचं. मी तुला माफ करणार आहे."

हे तिनं इतक्या मायेनं सांगितलं की जरिनाला धड रागही येईना. समोरचा चेहरा तिच्या बापाचा, इस्माईलचा होता, तेच रुंद कपाळ, तीच बोलताना डावी भुवई वर जाण्याची खोड. जरिनानं विचारलं, "आन न्हाय बसले तर?"

"जबरदस्ती काहीच नाही. तुझी तयारी नसेल तर मी समजून घेईन. मग मात्र आपण परत थोडे दिवस लांब राहू, अम्मी. मला माझ्या सीमा सांभाळाव्या लागतात."

सीमा. हा शब्द जरिनाला नवीन होता. एवढं मात्र तिला स्पष्ट कळलं की सतरंजीवर जाऊन बसलं तर पोरगी मिळते आणि नाही बसलं तर संध्याकाळच्या एसटीनं जायचं आणि पुन्हा फोनची वाट बघायची, ती किती वर्षं कोण जाणे. भिगवणच्या घरात आता ती, कोंबड्या आणि समोरच्या घरातला टीव्हीचा आवाज. धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला पुण्याचे लोक गाड्या घेऊन येतात, पोराबाळांना खांद्यावर बसवून, आणि परत जाताना मासळीचं ताट खाऊन जातात. त्यांच्यात ती दर रविवारी उगीचच इफ्फतला शोधायची. "बसते की," ती म्हणाली. "बसायला काय जातंय."

मोठा कागद अंथरला होता. इफ्फतनं कंपासानं वर्तुळ काढलं, त्यात आणखी वर्तुळं, आणि आईच्या हातात पेन दिलं. बायका भोवती कोंडाळं करून बसल्या. "जे येईल ते येऊ द्या," इफ्फत सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "हाताला अडवू नका." आणि जरिनाच्या हाताला जे यायचं ते आलं. मोरी आली. मोरीतला ओला दगड आला, पण तिनं दगडानं घासलं होतं की काथ्यानं, की राख लावून नखांनी, ते काही केल्या आठवेना. मानसिंग मात्र आठवला. इस्माईलचा भागीदार, होडी त्याची आणि जाळी ह्यांची. तो दारात उभा राहिला होता, अंगावरचे कपडे ओले, पायांत चपला नाहीत, आणि आत यायला तयार नव्हता. एरवी तो दारातूनच आरडाओरडा करत यायचा. तो म्हणाला, "भाभी, जरा चला." एवढंच. पुढं काही म्हणाला नाही, आणि म्हणायची गरजही नव्हती. पहाटे सहरी करून पाण्यावर गेलेला माणूस, जाळ्यात पाय अडकून बुडालेला. ते सगळं तिला मागाहून कळलं, पण कळायचं ते त्या ओल्या कपड्यांवरून तेव्हाच कळलं होतं. आणि तिनं काय केलं, तर मानसिंगच्या मागं पळत सुटायच्या ऐवजी ती वळली, पोरीचं मनगट धरलं आणि तिला मोरीत नेलं. का? आता घरात बाया जमणार आणि मय्यतीच्या घरात पोरीचे हात लाल दिसणार, हे तिच्या मनात आलं होतं का? आलं असेल. नणंद शाहीन काय म्हणेल, शेजारीण काय म्हणेल, हेही आलं असेल. बाईमाणसाच्या मनात ते आधी येतं आणि रडू मागाहून येतं. पण तेवढंच नव्हतं. ती घासत होती तोवर मानसिंग दारात थांबला होता, आणि तो दारात थांबला होता तोवर त्यानं तोंडानं काही सांगितलेलं नव्हतं. मेंदी निघेना. चांद बरोबर बसला होता, रंग चढायला लागला होता. पोरगी रडत होती, अम्मी, अम्मी म्हणत होती, आणि जरिनाला तो आवाज लांबून, पाण्यापलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता. घासणं थांबवलं की पुढचं सगळं सुरू होणार होतं. म्हणून ती थांबली नाही. पोरीच्या हातातून रक्त आलं तेव्हा मानसिंगच आत आला आणि त्यानं जरिनाचा हात धरला.

"बघा," राजलक्ष्मी कागदाकडं बोट दाखवून म्हणाली, "मावशींनी कडेकडेनं ठिपके दिलेत आणि मधली जागा मोकळी सोडलीय. अपराधीपणा असला की माणूस मध्यात येत नाही." इफ्फतनं मान हलवली. जरिनानं कागदाकडं बघितलं. मध्यात ती आली नव्हती कारण मध्यात इफ्फतचा हात होता, आणि त्या हाताला धक्का लागू नये म्हणून ती कडेनं चालली होती. पण हे कुणाला सांगायचं? तिथं प्रत्येक ठिपक्याला अर्थ होता आणि तो अर्थ तिच्याशिवाय सगळ्यांना लागत होता. मग इफ्फतनं पेन खाली ठेवलं, डोळे मिटले, उघडले, आणि बायकांच्या देखत म्हणाली, "अम्मी, त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीनं मी तुला माफ करते." कुणीतरी हुंदका दिला. मोना फोनवर फोटो घेत होती. सगळ्या जरिनाच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आता तिनं काही तरी म्हणायचं होतं, रडायचं होतं, निदान पोरीच्या गळ्यात पडायचं होतं. जरिना म्हणाली, "बरं." तेवढ्यावर टाळ्या वाजल्या. इफ्फतनं तिला मिठी मारली आणि त्या मिठीत तिचं अंग थरथरत होतं, खरं थरथरत होतं, त्यात नाटक नव्हतं. जरिनाला राग यायला हवा होता तो नेमका तिथं आला नाही. उलट वाटलं, पोरगी अशी अजून थोडा वेळ राहिली तर बरं.

राग आला तो स्टँडवर. इफ्फतनं तिला स्कूटीवरून आणलं, भिगवणची गाडी लागायला वेळ होता, दोघी बाकावर बसल्या. इफ्फत हलकी झाली होती, पाणी प्यायली, म्हणाली की आज फार मोठं काम झालं. तेव्हा जरिनाच्या तोंडून गेलंच. ती एसटीच्या बोर्डाकडं बघत बोलली, पोरीकडं नाही. "त्या दिवशी तुझे अब्बा गेले हुते. मानसिंगतात्या दारात उभा हुता. तुला म्हाईत न्हाय ते. तू लहान, घाबरशील म्हणून तुला शाहीनफुफीकडं इंदापूरला धाडली आन सांगितलं की अब्बा पुण्याच्या दवाखान्यात हायेत. चाळिसावा झाल्यावर सांगितलं. मोठ्या माणसांनी तसं ठरवलं, मीबी व्हय म्हटलं. ती मेंदी त्यापायी काढली. तुज्यावर राग न्हवता माजा."

"मला माहीत आहे, अम्मी."

जरिना वळली.

"फुफीनं सांगितलंय कधीच. मी बारावीला असताना."

"मग तितं बायांम्होरं का न्हाय सांगत?" आवाज चढला तसं शेजारच्या बाईनं बघितलं. "माज्या हाताचं सांगतीस, दगडाचं सांगतीस. बाप मेल्याचं का न्हाय सांगत?"

इफ्फत पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. वर्गातला शांत, मांडलेला आवाज गेला होता. "येतच नाही ते. किती वेळा कागद घेऊन बसले अब्बांसाठी. चेहरा येत नाही. आवाज येत नाही. मला त्यांचं काही आठवतच नाही, अम्मी. ते दवाखान्यात होते आणि मग नव्हते. तू आठवतेस. सगळी आठवतेस, तुझी बांगडीसुद्धा, ती माझ्या मनगटाला लागत होती. तुझ्यावर मला रागावता येतं. त्यांच्यावर कशी रागावू?"

जरिनाला तिच्या गालावर हात ठेवावासा वाटला आणि त्याच हातानं एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. मेलेला सुटला, जिती सापडली. सगळ्या गावानं मिळून एका पोरीला फसवलं होतं, आणि ते फसवणं भरून द्यायला उरली होती एकटी आई. बरं, मग निदान एक तरी गोष्ट आपली आपल्याला परत मिळावी. "आन त्यो चांद," ती म्हणाली, "त्यो तू न्हवता काढला. त्यो मी काढला हुता. काडीनं. तू नुसती हासत हुतीस."

इफ्फतचा हात थांबला. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला की जरिनाला दोन वर्षांपूर्वीचा जावयाचा फोन आठवला, बोलत नाही, जेवत नाही. "नाही," इफ्फत म्हणाली. "तो मी काढला होता. मला आठवतंय ना. ते माझं होतं, अम्मी. तिथूनच तर सगळं..." तिचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे पडले होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती.

भिगवणची गाडी आत शिरली, लोक दाराकडं धावले. जरिनानं पिशवी उचलली. ती उठली, आणि उठता उठता म्हणाली, "नसंल मग. तूच काढला असशील. माज्या तरी कुठं ध्यानात ऱ्हातंय आता."

"तूच म्हणालीस ना आत्ता."

"अगं, म्हातारं माणूस. एकाचं दुसऱ्यात मिसळतंय. तूच काढला हुतास. चांगला काढला हुतास."

इफ्फतनं श्वास सोडला. हळूहळू तिचा चेहरा परत जागेवर आला, भुवई वर गेली, ती पुन्हा मॅडम झाली. तिनं आईची पिशवी घेतली, गर्दीतून वाट काढत तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तसं तिनं मोठ्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी इंदापूरला वर्ग आहे. तुझ्यामुळं आज बायकांना फार मिळालं. येशील? समोर बसायला?"

"यीन की," जरिना म्हणाली. "घरी तरी कोण हाय मला माफ करायला."

इफ्फतला वाटलं, अम्मीनं चेष्टा केली, आणि ती कितीतरी वर्षांनी मोकळेपणानं हसली.